मामंजींच्या वाघाचं नख

२८ नोव्हेंबर १९७१
नातू झाला. नाक थेट माझं. गल्लीभर खोव्याची जिलबी वाटली. नीलकंठ तोफगोळ्यांच्या फॅक्टरीतून डबल शिफ्ट करून आला, पोराला पाहिलं अन् भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला. बाप झाला तो.
बारशाला बाळाच्या गळ्यात आमचं वाघनख. ठरलं. मामंजींनी शहपुऱ्याजवळ नुसत्या लाठीनं वाघ मारला होता, त्याचं. वाघाबद्दल मला कोणी शिकवू नये.

१ डिसेंबर
विनता दवाखान्यातून घरी आली. सूनबाई शाळेत जीवशास्त्र शिकवते, ते घरीही शिकवते. म्हणाली, आई, मेलेल्या वाघाचं नख माझ्या बाळाला नको. म्हटलं, काहून? म्हणे, वाघ उरले किती? सरकारनं शिकार बंद केली अन् आपण नखं मिरवून राहिलो. म्हटलं, तो वाघ मेला तेव्हा तू जन्मली नव्हतीस, आता नेऊन चिकटवू का त्याला? तर तिनं बाळाचं दुपटं बदललं.
निश्चय: सुनेशी बोलणार नाही.

२ डिसेंबर
बोलले. डिंकाचा लाडू द्यायचा तर बोलावंच लागतं. सांगून राहिली होती की वाघ चालताना नखं पंजात ओढून घेतो, धार जाऊ नये म्हणून. झाडं ओरबाडून आपली हद्द सांगतो. वाघीण पिल्लांना दोन-दोन वर्षं एकटी सांभाळते, वाघ फिरकत नाही. म्हटलं, आमच्या नीलकंठसारखा. दोघी हसलो. म्हणजे पाघळली. आता नख जरा उजळून आणलं की नाही म्हणायची नाही.

४ डिसेंबर
लढाई सुरू झाली. ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद. शेजारच्या अनसूयाबाई म्हणाल्या, बारसं पुढे ढकला. का म्हणून? दिवसाउजेडी करू. लढाई पाकिस्तानशी आहे, पाळण्याशी नाही. नीलकंठला फॅक्टरी सोडत नाही. सराफ्यात मीच जाते.

६ डिसेंबर
मुरलीधर सोनार आमचा जुना. त्यानं नखावरची चांदी उतरवली, नख उलटं केलं, म्हणाला, माँजी, ये शेर का नहीं, भैंस का सींग है. म्हटलं, चष्मा बदल. म्हणे, असली नाखून जड़ में पोला होता है, ये तो ठोस है, रेती के निशान भी दिख रहे हैं. म्हणजे नख मुळाशी पोकळ हवं, हे भरीव, वर कानशीनं घासल्याच्या खुणा! मेल्याला काय कळतं. आजपासून मुरलीधर बंद. येताना रिक्षात डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार.

७ डिसेंबर
दुसऱ्या सोनाराकडे गेले. तोही भैंस म्हणाला. सगळे मिळालेले आहेत.

८ डिसेंबर
उद्या बारसं. गप्प बसले तर मामंजींचा मान राहतो, पण विनता वाघाचं घालू देणार नाही, नख डबीत. म्हशीचं आहे सांगितलं तर नख बाळाच्या गळ्यात, पण मामंजी? फोटोतून आज माझ्याकडे बघेनात.
दुपारी बाळ माझं बोट मुठीत धरून झोपलं. सोडीचना. विनताला सांगून टाकलं. तिला इतका आनंद, की मलाच मिठी मारली. म्हणे, आई, मग तर घालायचंच. म्हटलं, पण बाहेर बोलू नको. अच्छा म्हणाली.

९ डिसेंबर
बारसं झालं. नाव हेमचंद्र. नख काय शोभत होतं. अनसूयाबाईंनी हात लावून विचारलं, हेच का शहपुऱ्याच्या वाघाचं? मी तोंड उघडायच्या आत विनता सगळ्या बायकांसमोर मान ताठ करून म्हणाली, नाही हो काकू, म्हशीच्या शिंगाचं. आमच्या घरात वाघ मारत नाहीत.
घुगऱ्या चावायचा आवाज थांबला. अनसूयाबाई माझ्याकडे बघून राहिल्या. बाळ तेवढं नख चोखत होतं.
निश्चय: उद्यापासून सगळ्यांना सांगायचं, ती म्हैस फार मारकी होती. मामंजी एकटे, अन् हातात नुसती लाठी.