ट्रायपॉडवरचा की हातातला

८ सप्टेंबर, सोमवार

अठरा फूट! शुभांगीने आज भिंत मोजून फोन केला. पाथर्डी फाट्याजवळ हॉटेल उभं राहतंय, ती त्याची आर्किटेक्ट. लॉबीत समोर एकच फोटो लावायचाय — धोडपचा डोंगर, मधली ती खाच, सकाळचं कोवळं ऊन. "छायाताई, गिऱ्हाईक भिंतीला नाक लावून उभं राहिलं तरी गवताची काडी दिसली पाहिजे." बोलायला हिचं काय जातंय! माझ्या कॅमेऱ्यात एवढी ताकद नाही. मोठ्या सेन्सरचा, मीडियम फॉरमॅटच घ्यावा लागेल. इतकी वर्षं नुसती स्वप्नं बघितली, आता कारण मिळालं.

दिवाळी झाली की हवा धुरकटते. त्याच्या आत काढायला हवा.

धम्मपालला सांगितलं. (तोंडावर "अहो" म्हणते, इथे धम्मपाल. वहीत कोण बघतंय!) तो म्हणाला, "घे. पण ट्रायपॉडवरचाच घे."

जूनमध्ये त्याला अ‍ॅटॅक येऊन गेला, दोन स्टेंट बसवले. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले — सपाटीवर चाला, चढ नको, वजन नको. आणि आमचा ट्रायपॉड कायम ह्याच्याच खांद्यावर! हा विसरला, की विसरल्याचं सोंग करतोय?

११ सप्टेंबर

कॉलेज रोडला अश्विनकडे गेले होते. तो कॅमेरे भाड्याने देतो, विकतोही. दोन काढून ठेवले समोर.

एक हॅसलब्लॅड. चौकोनी, ठेंगणा, वरून खाली मान घालून बघायचं. रंग असे की सावलीतला काळा कातळसुद्धा मेलेला दिसत नाही. पण हात हलला की फोटो हलला. डोंगरावर पहाटेच्या उजेडात ट्रायपॉडशिवाय त्याचं पान हलायचं नाही.

दुसरा फुजी. हा आतल्या आत सेन्सर हलवून आपला हात सावरून घेतो. हातात धरा, काढा, चालू लागा. अश्विन म्हणाला, "ताई, ह्याला बरोबर माणूसच लागत नाही! एकट्या जा, एकट्या या."

तो बिचारा विकायचं म्हणून बोलला. मला मात्र ते लागलं. चहा अर्धा टाकून उठले.

१२ सप्टेंबर

धम्मपालने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, बघू.

१४ सप्टेंबर, रविवार

लिहूनच काढते, नाहीतर डोकं फुटेल.

हा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता, तेव्हापासून त्याच्या सुट्टीचे रविवार माझे. मी स्टुडिओत आठवडाभर पासपोर्ट फोटो काढून वैतागलेली असायचे. मग पहाटे गाडी काढायची आणि डोंगर गाठायचा. वर गेल्यावर आमचं ठरलेलं. जागा मी दाखवायची, ट्रायपॉड ह्याने लावायचा. पाय रोवणार, खाली दगड अडकवणार, तो पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा बरोबर मधोमध येईपर्यंत गुडघ्यावर बसून स्क्रू फिरवत राहणार. तोवर मला हात लावायची बंदी! मग वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून उभा, आणि नजर समोरच्या गवतावर. गवत थांबलं की "हं!" तेव्हा मी बटन दाबायचं. माझ्या प्रत्येक बऱ्या फोटोआधी त्याचं ते "हं" आहे. फोटो कॅलेंडरवर आले की नाव मात्र माझं एकटीचं छापून येतं.

आता फुजी घेतला तर काय झालं? ह्याला तोंडावर सांगितल्यासारखंच झालं, की तुझं काम संपलं, बस घरी. हॅसलब्लॅड घेतला तर हा हट्टाने खांद्यावर टाकून चढणार, आणि वर — नाही लिहवत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

रिटायर झाला तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांना हसवत होता. नंतर कितीतरी दिवस सकाळी सातला भांग पाडून, शर्ट खोचून सोफ्यावर बसायचा. कुठे जायचं नसायचं. मी बघितलंय ते. आता डोंगरही काढून घेऊ का त्याच्याकडून?

१९ सप्टेंबर

पुण्याहून लेकीचा, चैतालीचा फोन. मी आपली सांगत सुटले — सेन्सर, लेन्स, वजन, सावलीतले रंग. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, तू कॅमेऱ्याचं बोलतेयस की पप्पांचं?"

"तू तुझं ऑफिस बघ," म्हटलं आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलंच नाही, वरणाचा गाळ झाला.

२१ सप्टेंबर, रविवार

दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी भाड्याने आणले. गंगापूर धरणाच्या काठावर, सपाटीवर, गाडीपासून चार पावलांवर. ट्रायपॉड डिकीतून मी काढायला गेले तर माझ्या हातातून ओढून घेतला. म्हटलं असू दे, चार पावलंच आहेत.

घरी येऊन दोन्ही फोटो मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी लावले. खरं सांगायचं तर फरक उन्नीस-बीसच. सावलीत हॅसलब्लॅड सरस, बाकी फुजी तसूभर कमी नाही. अठरा फुटांना दोन्ही पुरतील.

धम्मपालने चष्मा सारखा केला, हॅसलब्लॅडच्या फोटोवर बोट ठेवलं. "हाच. ट्रायपॉडशिवाय फोटो म्हणजे काय फोटो? मोबाईलवाल्यांचं काम ते."

"आणि उचलणार कोण वर?" निघूनच गेलं तोंडातून.

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही!

२५ सप्टेंबर

आज मला वाटलं तोडगा सापडला. धोडपच्या पायथ्याला हट्टी नावाच्या गावात फकिरा आहे, आम्ही गेलो की त्याच्याच अंगणात गाडी लावतो. त्याला फोन केला. वजन घेशील का वर? "ताई, म्या हाय ना! सायबांना घरी बसू द्या, लय तरास नका देऊ त्यांना. तुमी नुस्ता आदल्या दिशी फोन मारा."

जेवताना हळूच विषय काढला. म्हणजे हॅसलब्लॅड घेऊ, तुमच्या मनासारखं, फक्त वजन फकिरा आणेल.

भडकला. "त्याला बुडबुडा कळतो का? दरीत घालेल कॅमेरा!" म्हटलं, बरं, मग तुम्ही चला, खाली त्याच्या अंगणात बसा. "बसून काय करू? माशा मारू? आणि तिथं आजूबाजूला दवाखाना तरी आहे का एखादा?" ताटावरून उठला. भाकरी तशीच.

स्वतःच दवाखान्याचं बोलतो आणि स्वतःच ट्रायपॉड मागतो. ह्या माणसाला धरायचं कुठून?

२८ सप्टेंबर

शुभांगीचा मेसेज — मालक विचारतोय, फोटो कधी? उत्तर दिलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून त्रिरश्मी बुद्धलेण्यांना गेलो. दरवर्षी आधी लेण्यांपर्यंत चढायचं आणि मग खाली विहारात वंदना, असा आमचा क्रम. आज हा पायऱ्यांकडे फिरकलाच नाही. थेट विहारात. वंदना झाली, बाहेर आलो, ओळखीच्या लोकांना जय भीम करत उभे राहिलो. मी म्हटलं, तुम्ही इथे सावलीत बसा, मी पटकन वर जाऊन येते.

त्याने माझं कोपर धरलं. "नको जाऊ. गर्दी आहे."

एवढंच बोलला, पण हात सोडेना. केवढा मोठा माणूस, आणि तोंड एवढंसं झालेलं! मी वर जाणार आणि हा खाली राहणार, हे त्याला सोसत नाही, दुसरं काय? मी पण गेले नाही. येताना त्याला उसाचा रस पाजला.

तिथेच माझं ठरलं. ह्याला राग आला तर येऊ दे. रागावलेला नवरा परवडला.

४ ऑक्टोबर

अश्विनला फुजी सांगितला. धम्मपालला न विचारता. आयुष्यात त्याला न विचारता साधी कढई आणली नव्हती मी.

९ ऑक्टोबर

आला. टेबलावर खोका ठेवला. धम्मपालने वरचं नाव वाचलं. मला वाटलं आता भांडी वाजणार. पण नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तू जाणार."

किती साधं वाक्य! पण आवाज असा काढला की माझं डोकंच फिरलं. महिनाभराचं सगळं बाहेर आलं. होय, जाणार! तुमच्या जिवासाठी घेतलाय हा! तुम्हाला वजन उचलायला लागू नये म्हणून! माझ्या मनाला विचारा, मला कुठला हवा होता ते!

"माझ्या जिवासाठी?" म्हणाला, आणि हसला. कोरडं.

मग मी ते बोलले. "तुमच्याशिवायसुद्धा फोटो निघतात!"

जीभ झडायला हवी होती माझी. खोका तिथेच टेबलावर पडून राहिला. रात्री दोघं एकमेकांकडे पाठ करून झोपलो.

१० ऑक्टोबर

अबोला.

१२ ऑक्टोबर, रविवार

अजून अबोलाच. "चहा," "किल्ली," "गोळी घेतली का," एवढंच बोलणं.

संध्याकाळी एकटी गच्चीवर गेले, नवा कॅमेरा घेऊन. दिवेलागणीचा उजेड. श्वास रोखून हातातच धरला, बटन दाबलं. खाली येऊन पडद्यावर मोठा करून बघितला. लांबच्या पाण्याच्या टाकीवरची शिडीसुद्धा लख्ख! हलला नाही कणभर. कुणी छत्री धरली नव्हती, कुणी "हं" म्हणालं नव्हतं. एवढा स्वच्छ फोटो आणि मला त्याचा इतका राग आला. पुसून टाकला.

हाक मारून दाखवायला हवा होता का त्याला? दाखवून काय सांगितलं असतं — बघा, तुम्ही नव्हता तरी आला?

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या जाते. हवा दोन दिवस धुतल्यासारखी आहे, दिवाळी तोंडावर आली, ह्यापुढे फटाक्यांचा धूर. आत्ता नाही तर ही भिंत दुसऱ्या कुणाची तरी होणार. फकिराला सांगितलंय, तो बरोबर चढेल. त्याला उचलायला काही नाही, नुसती सोबत.

धम्मपाल आज आपणहून बोलला. मी बॅग भरत होते, हा दारात. "वर रेंज येते का गं आता?" म्हटलं, नाही, तुम्हाला माहीतच आहे. "परत कधी येशील?" म्हटलं, ऊन चढलं की निघेन, दुपारपर्यंत घरी. मान हलवली. मग कपाटापाशी गेला आणि माझ्या बुटांना उगाच फडकं मारत बसला.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. वाटलं, बॅग फेकून द्यावी आणि म्हणावं, चला दोघं, जे होईल ते होईल. पण नाही म्हटलं. मन घट्ट केलं. मागून कधीतरी कळेल त्याला, मी त्याच्यासाठीच केलं.

१६ ऑक्टोबर

पहाटे बूट घालत होते. धम्मपाल समोर येऊन उभा राहिला. वाटलं, आता हा "मी पण येतो" म्हणणार, आणि नाही म्हणायची मी तयारी केली.

"ट्रायपॉडवरचा घेतला असतास तर मला उचलता आला नसता, तुझं जाणंच झालं नसतं," म्हणाला. "म्हणून म्हणत होतो."

मी दुसरा बूट पायातून काढला.

"डोंगराचं काही नाही गं मला. परत नाही गेलो तरी चालतंय. पण तू तिकडे वर, फोन लागत नाही... आणि मला इथे पुन्हा तसं काही झालं तर? घरात एकट्याला भीती वाटते, छाया."

भीती! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा शब्द ह्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी महिनाभर त्याचा मान जपत बसले होते.

एक बूट पायात, एक हातात. तशीच त्याच्याशेजारी बसले. फकिराचा फोन वाजून बंद झाला. बाहेर उजाडलं.