चिमूटभर शिंग

२४ जून
पहाटे अर्धवट झोपेत आवाज आला. खर्र, खर्र. मुरगूडला बेंदराच्या सणाआधी बैलांची शिंगं तासायचे, तोच. वडील कानस चालवायचे, मी आणि शेजारचा बापू वेसण धरायचो आणि त्याच ठेक्यावर शाळेतली कविता म्हणायचो. बापूला भुजंगप्रयात एका दमात यायचा. माझा श्वास मधेच तुटे.
कालच्या व्हिडिओमुळे असणार. मनूनं नामिबियाहून पाठवलाय. काळा गेंडा गुंगीत, डोळ्यांवर पट्टी, आणि माझी डॉक्टर लेक त्याचं शिंग करवतीनं उतरवतेय. शिंगच नसलं तर चोर कशाला मारतील, असा विचार. दुखत नाही म्हणे, परत वाढतं.

२६ जून
बापूला व्हिडिओ दाखवला. अभिमान, दुसरं काय. त्याच्या बायकोला, वहिनींना, दवाखान्यातून ‘आता घरीच न्या’ म्हणून पाठवलं, त्यानंतर पहिल्यांदाच आला होता. म्हटलं, जरा मन रमेल. दोनदा बघितला. चहा तसाच. कापलेल्या शिंगाचं काय करतात, विचारलं. कुलपात ठेवतात, म्हटलं.

२७ जून
सकाळीच हजर. दवाखान्यातल्या बाकावर कुणी तरी त्याला सांगितलंय, गेंड्याचं शिंग उगाळून दिलं की असली दुखणी हटतात.
“मनूला सांग की. चिमूटभर. तिच्या हातातलं हाय.”
अरे, ते आपल्या नखासारखंच, त्यात औषध नाही, म्हटलं.
“डॉक्टरच्या औषधात तरी कुठं हुतं?”


२ जुलै
मनूचा फोन. रडत होती. शिंग उतरवलेली एक मादी चोरांनी मारली. बुडाशी उरलेल्या खुंटासाठी. पिल्लू ढुशा देऊन तिला उठवत होतं...
बापूचं मागणं तिच्या कानावर घालायचं ठरवलं होतं. नाही घातलं. मनूची आई असती तर तिनं कुणाची बाजू घेतली असती? वहिनींची. आणि लेकीचीही. तिला दोन्ही जमायचं.

३ जुलै
बापूला त्या मादीचं सांगितलं. वाटलं, पिल्लाचं ऐकून तरी...
“मास्तर, तिकडं रानात आणखी गेंडी असतील. माझ्या घरात एकच हाय.”
चपला घालून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

७ जुलै
बापू फिरायला बागेत येत नाही. फोन उचलत नाही. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन परत आलो. संध्याकाळी जुन्या कविता म्हणून बघितल्या. चाल तेवढी येते.

९ जुलै, बेंदूर
बापू पुतण्याकडे मुरगूडला गेलाय, दूधवाल्यानं सांगितलं.
दुपारी बेल. दारात वहिनी. त्या अंथरुणावरून उठू शकतात हेच मला माहीत नव्हतं. रिक्षावाल्यानं दंड धरलेला. बसल्या, घोटभर पाणी घेतलं, दम खाल्ला.
“भावजी, ते गावाकडं हायत, तवर आले. शिंगानं काय हुत न्हाय, मला ठावं हाय. पर ते डोळ्याला डोळा लावत न्हाईत. राख घाला, पीठ घाला, एक पुडी बांधून द्या. मनूनं पाठवलीया म्हणा.”
चहा टाकतो म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलोय. आधण आटलं. त्या बाहेर बसल्या आहेत. रिक्षा थांबवून ठेवली आहे.