बाबांच्या गोळ्या

हैदराबाद, ६ जानेवारी २०२४

ती. दादास,
धम्मदिना हिचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर तू नुसता हं हं करतोस, कारण एकाच खोलीत बाबा समोर बसलेले असतात. म्हणून कागदावर लिहिते, तूही तसंच उत्तर दे.

आमच्या प्रयोगशाळेत चार वर्षं ज्या औषधावर काम चाललंय, ते आता स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देऊन बघणार आहेत. ठाण्याच्या एका रुग्णालयात चाचणी आहे. काहींना खरी गोळी मिळेल, काहींना नुसत्या पिठाची; कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. सांभाळणाऱ्याची सही लागते, म्हणजे तुझी. मी त्यांची मुलगी हे मात्र तिथे बोलू नकोस, नियमात बसत नाही. लग्नानंतरचं आडनाव वेगळं आहे, कुणाला कळणार नाही.

तू आणि बाबा दोघेही जपून राहा.
तुझी, धम्मा

पूर्णा, भिवंडी, १५ जानेवारी

चि. धम्मास,
दादाचा जयभीम व आशीर्वाद, वि. वि.

लहानपणी तुला गोळी गुळात दडवून द्यावी लागे, आणि आता तू जगाला गोळ्या देणार.

सही करायला हात धजेना. दापोड्याच्या गोदामात मी दारू पिऊन टेम्पो मागे घेतला आणि आपला भाऊ प्रितम भिंतीत चिरडला. त्यानंतर मी थेंबाला शिवलो नाही, तरी बाबांनी नऊ वर्षं मला उंबरा ओलांडू दिला नाही. ते विसरायला लागले, आई गेली, तेव्हा कुठे मी घरात आलो. आता ते मला बाळा म्हणतात, माझ्या हातून जेवतात, प्रितम शिफ्टला गेलाय असं सांगतात. आठवायला लागलं तर हेही आठवेल.

पण बापाचा आजार मला सोयीचा आहे म्हणून तो राहू दे, असं कुठल्या तोंडाने म्हणू? उद्या ठाण्याला जाऊन सही करतो.

तब्येतीला सांभाळ.
तुझा दादा, सुगत

पूर्णा, २८ एप्रिल

चि. धम्मास,
जयभीम, वि. वि.

बाबांना खरी गोळी मिळाली असणार. शेजारच्या पार्वतीवहिनींच्या पंख्यात काय बिघडलंय ते त्यांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं. लूमची दुरुस्ती करणारे जुने जॉबर ते. तुझ्या लग्नाची तारीख सांगितली. मी वेड्यासारखा हसत होतो.

मग गेल्या सोमवारी भरवायला बसलो, तर माझ्याकडे बघतच राहिले. शांतपणे विचारलं, "प्रितमला जाऊन किती वर्षं झाली?" मी म्हटलं, चौदा. त्यांनी ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी आई कुठे आहे ते विचारलं. एका आठवड्यात त्यांची दोन माणसं नव्याने मेली.

ते मला दारात उभं करत नाहीत, म्हणून आता मी गोदामात झोपतो. गोळी पार्वतीवहिनी देतात. फॉर्मवर लिहिलंय की चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं. पडू का? तू म्हणशील तसं.

सुगत

हैदराबाद, ९ मे

ती. दादास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवले नाही. तरी बाबांना बाहेर काढू नकोस. तू पाठवलेले त्यांच्या तपासणीचे कागद मी बघितले. इतकी सुधारणा मी चार वर्षांत कागदावरसुद्धा मांडली नव्हती. अजून बारा आठवडे. तू चौदा वर्षं सोसलंस, आणखी तीन महिने सोस. हे लिहिताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

रागावलास तरी तोडू नकोस.
धम्मा

पूर्णा, २ जून

चि. धम्मदिना हिस,
बाबांचा जयभीम.

मी आता बरा हाय. पार्वतीकडून कागद मागून घेतला. सातवी शिकलो, अक्षर अजून सरळ येतंय.

तुझी आई गेली ते मला यंदा कळलं. तुमचं सगळ्यांचं रडून झालं होतं, म्हणून मी एकटाच रडलो. त्याचा राग न्हाय. राग याचा हाय की मला शुद्ध नव्हती तेव्हा तुम्ही त्याला घरात घेतलं. पाच वर्षं त्यानं मला न्हाऊ घातलं, भरवलं. शुद्ध असती तर उपाशी मेलो असतो. तू शिकलेली, तू तरी थांबवायचं होतं.

मी पुन्हा विसरलो तरी त्याला आत घेऊ नका. हे शुद्धीत लिहितो, खाली सही करतो.

तुझ्या गोळीनं माझा प्रितम मला परत दिला. मेलेला का होईना, माझा. तुझे उपकार.

जानू

हैदराबाद, १९ जुलै

ती. दादास,
जयभीम, वि. वि.

चाचणी थांबवली. दुसऱ्या शहरातल्या दोन रुग्णांचं यकृत निकामी झालं, एक गेला. उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत कर. बाबांचं रक्तही तपासून घे.

सोबत बाबांचं पत्र पाठवते. दीड महिना लपवून ठेवलं होतं. पण गोळी बंद झाली की बाबा पुन्हा विसरणार, घरात तुलाच जावं लागणार, आणि तू न वाचता जावंस हे मला बरं वाटेना.

औषध बंद झाल्यावर काय काय जातं आणि काय उरतं, ते लिहून पाठव. आमच्याकडे ते आता कुणी विचारणार नाही. मला हवंय.

धम्मा

पूर्णा, ३० ऑक्टोबर

चि. धम्मास,
जयभीम, वि. वि.

बाबांचं रक्त ठीक निघालं. तू विचारलंस म्हणून लिहितो. आधी तुझ्या लग्नाची तारीख गेली, मग तुझं नाव. सप्टेंबरात आई गेल्याचं गेलं. दसऱ्याच्या सुमारास प्रितम पुन्हा शिफ्टला जायला लागला. मला वाटलं, आता मला बाळा म्हणतील. रोज वाट बघितली.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण. बाबा म्हणाले, "ह्यो कोण म्हाईत न्हाय. पण ह्याच्या हातचं नको."

कारण गेलं, धम्मा. राग तेवढा राहिला.

पार्वतीवहिनी लेकीकडे कशेळीला राहायला गेल्या, त्यामुळे भरवायला आता मीच. बाबांची सही असलेला कागद मी वाचलाय. तरी आत गेलो. दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी भुकेनं डोळे गच्च मिटून घास घेतला. तसंच चाललंय. मी पण बोलत नाही, आवाज ऐकला की थुंकून टाकतात. वजन बेचाळीस किलो आहे, तेही लिहून ठेव.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस. मागायला दुसरं कुणी उरलं नाही.

तुझा दादा,
सुगत