वैद्यांची पुडी

पश्चिम जर्मनी,
फेब्रुवारी १९७४

अव्वा, तुला शरणार्थी, पाया पडतो.

मी बरा हाय. नवी पेठेतल्या वैद्यांची पुडी तू पाठवलीस, तिनं खोकला पार थांबला. धाकल्या नागम्माची सोयरीक जमली का?

हितं आमी खेळाडूंची लघवी तपासतो, कुणी जोर वाढवायचं औषध घेतलंय का ते बघायला. जोडीला काहीच औषध न घेतलेल्या माणसाचीही तपासतो. ती कोरी निघाली तरच बाकीच्यांचं खरं धरायचं. काल ती माजी होती. साहेबांनी आधी विचारलं, "काही औषध घेतलंयस?" मी ठासून न्हाय म्हणालो.

अव्वा, माज्यातच औषध निघालं. पुडीत खोकल्यासाठी सोमलतेचा पाला असतो, त्यातनंच ते जोराचं औषध काढत्यात. सगळ्यांची तपासणी रद्द झाली. बाटल्या नीट धुतल्या न्हाईत म्हणून धुणारी एल्सा बोलणी खाऊन रडली. मला तवाच पुडी आठवली, तरी मी साहेबांना सांगितलं न्हाय. लई लाज वाटती.

उद्या साहेबांना सांगणार हाय. तू मनाला लावून घेऊ नको. ते विचारतील, मग न्हाय का म्हणालास? त्यांना कसं सांगू, अव्वानं दिलेल्या पुडीला आमच्या घरात कुणी औषध म्हणत न्हाय?

तुजाच लेक,
रेवणसिद्ध