म्हातारीला लागणारा वेळ

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघं हिंडतेफिरते आहोत. हे फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्याकडे फोन वाजला की तुझे बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि स्टूल ओढून शेजारी बसतात. आत्ता ते केस कापायला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते.

आधी लॅपटॉपचं. तू म्हणालीस तसा मी तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, पिशवीत घालून, वर टॉवेल पांघरून, जसा काही दवाखान्यातच. तो सुरू होईस्तोवर त्या माणसाचा अख्खा चहा पिऊन झाला. मग म्हणाला, काकू, मशीनचं वय झालंय. म्हटलं, ते मॅट्रिक झालेल्या बाईलाही दिसतं, उपाय सांगा. त्याने तीन वाटा सांगितल्या. जुनी सिस्टिम तशीच ठेवायची, पण तिची डागडुजी कंपनीने बंद केलीय, म्हणून इंटरनेटवर धोका. नवी घालायची तर ती या मशीनला पेलणार नाही, आतलं निम्मं सामान बदलावं लागेल. नाहीतर लिनक्स नावाची दुसरीच सिस्टिम, अंगाने हलकी आणि फुकट. तूही हेच सुचवलं होतंस. मी वहीत तिन्ही मांडून पाहिल्या आणि फुकट म्हटल्यावर पुढे बघितलंच नाही. बाबांना विचारलं नाही ते नाहीच. त्यांचं ठरलेलं, आहे ते बरं आहे. चांगलं झालं की आपोआप गप्प बसतील, असं धरून चालले.

लॅपटॉप घरी आला तो वाऱ्यासारखा. झाकण उघडावं तर पडदा हजर. बाबा त्याला म्हातारी म्हणायचे ना, मी म्हटलं, घ्या, तुमची म्हातारी तरणी झाली. ते हसले, पण कसे ते मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी समोरचा शिंपी आला. दुकानात पाण्याची जोडणी हवी होती, त्याचा अर्ज. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बाबांनी बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज वाचले आणि निवृत्त झाल्यापासून अख्ख्या गल्लीचे अर्ज तेच लिहून देतात, हे तुला काय सांगायचं. शिंपी खुर्चीवर टेकायच्या आत कोरं पान उघडलं. बाबांनी ‘माननीय महोदय’ टाइप केलं आणि थांबले. शिंपी पडद्याकडे बघतोय, मी बघतेय, ती रेघ लुकलुकतेय. बाबांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. शिंपी शहाणा माणूस, म्हणाला, घाई नाही काका, उद्या येतो. तो अजून आलेला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला नसता तर बरं झालं असतं. गेली दोन वर्षं मशीन सुरू होताना ते चक्र पडद्यावर गरगरत असायचं, बाबा आलेल्या माणसाला म्हणायचे, थांबा, म्हातारी उठतेय अजून. मग मला हाक, अगं, हे कशासाठी आलेत म्हणालीस? मी भाजी निवडता निवडता सांगायची. अर्ज कोणाच्या नावे, पुढे काय लिहायचं, सगळं मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची आणि त्या डबड्याच्या नावाने बोटं मोडायची. वेळ कोणाला लागत होता, ते त्यात झाकून गेलं. मी स्वतःच्या हाताने ते झाकण काढलं.

त्यानंतर तू एकदा त्यांना फोनवर ही नवी सिस्टिम शिकवत होतीस. चिडलीस शेवटी, बाबा, लहान पोरांनाही येतं हो हे, असं म्हणालीस. मी तुला दोष देत नाही, तुला काय ठाऊक. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, ठमी खरं बोलते. मशीन दुरुस्त झालं, म्हणजे बिघाड कुठे होता ते कळलं. एवढं बोलून आंघोळीला गेले. तेव्हापासून लॅपटॉप रोज पुसतात, उघडत नाहीत. कोणी आलं की सांगतात, दुरुस्तीला दिलाय.

मागच्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डोळे तपासायचेत असं त्यांना सांगून नेलं, तुझ्यापासून कशाला लपवू. बाईंनी कागद दिला आणि म्हणाल्या, मनात येईल ते एक वाक्य लिहा. बाबांनी त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘सविनय अर्ज करतो की,’ स्वल्पविरामसुद्धा दिला. पुढे काही नाही. बाईंनी दुखण्याचं नाव सांगितलं. गोळ्या आहेत, त्यांनी ते थोडं सावकाश वाढेल म्हणाल्या, मागे फिरणार नाही. ते नाव माझ्याच्याने लिहवत नाही. तू आलीस की चिठ्ठी दाखवते.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. दोन दिवसांची रजा काढून ये आणि ती जुनी सिस्टिम परत घालून दे. दुरुस्तीवाला तयार नाही, म्हणतो, काकू, धावता घोडा कोणी लंगडा करून मागतं का? त्याला मी काय सांगणार! इंटरनेट तोडून टाक, म्हणजे धोका नाही. बँकेचं काम मी बँकेत जाऊन करीन, पाय शाबूत आहेत. आणि बाबांच्या तोंडावर सांग की ती नवी सिस्टिमच सदोष निघाली, सगळ्यांनाच ती जड जातेय, बाबा, माझाच सल्ला चुकला. तुझं एक खोटं मी कधी खपवून घेतलं नाही, आणि आज मीच तुला बोलायला लावतेय. देवाला सकाळीच सांगून ठेवलंय, हे पाप पोरीच्या नावावर नको, माझ्या लिही. त्यांना पटेल का, ठाऊक नाही. बत्तीस वर्षं लोकांच्या सबबी वाचलेला माणूस आहे. पण ते म्हणतील, असेल बुवा. तुझ्यासाठी म्हणतील. मग मी शिंप्याला बोलावून आणीन, स्वयंपाकघरातून ओरडणार नाही, खुर्ची ओढून शेजारी बसेन. मशीन उठेस्तोवर जो वेळ मिळेल, तेवढा मला पुरे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई