तीन घड्यांची पट्टी

प्रिय लेका,

शिंप्याच्या इमारतीतली लिफ्ट मी बंद केली आहे. साहेबांचे कितीही फोन आले तरी हे पत्र वाचून होईपर्यंत ती चालू करू नकोस. पत्र तुझ्या आईच्या हाती देतोय, तिला यातलं काही माहीत नाही. ती म्हणत होती, फोन करा ना. पण फोनवर मी तब्येतपाणी विचारतो आणि ठेवून देतो, तुला ठाऊकच आहे.

मी विहारात जायला लागलो तेव्हा तू हसलास, म्हातारपणी गुडघे दुखवून घ्यायची हौस म्हणालास. हौस कसली. सहा वर्षांपूर्वी त्या शिंप्याचा पाय लिफ्टच्या दारात सापडला आणि तो कायमचा लंगडा झाला. दार उघडं असताना लिफ्ट हललीच कशी, हे कुणी विचारलं नाही. त्यालाच घाई होती म्हणाले, मीही मान डोलावली. खरं म्हणजे तेव्हा त्या लिफ्टची देखभाल माझ्याकडे होती, आणि दार लागल्याशिवाय लिफ्ट हलू न देणारा दाराचा स्विच बिघडला होता. लिफ्ट अडते म्हणून लोकांच्या रोज तक्रारी, म्हणून मी पत्र्याची पट्टी घालून तो दाबून ठेवला होता. नवा उद्या बसवू म्हणता म्हणता चार महिने गेले. तपासणीवाले यायच्या आत पट्टी काढून खिशात टाकली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

गेल्या महिन्यात हे विहारातल्या भन्तेंना सांगितलं. वाटलं होतं, झालं गेलं विसरा म्हणतील. ते म्हणाले, सहा वर्षं स्वतःच्या दुःखापाशी बसलात, शिंप्यापाशी कधी बसलात? कबूल करा, होईल ती भरपाई करा, पुन्हा घडू देऊ नका. मला त्यांचा रागच आला. घरी येऊन तुझ्या आईवर उगाच ओरडलो.

आज सकाळी शेवटी शिंप्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकत हातातलं बटण लावून पुरं केलं. एवढंच म्हणाला, की आठवडाभर लिफ्ट पुन्हा दार लागायच्या आत सुटते, म्हणून तो नातीला जिन्यानेच पाठवतो. मी तिथून थेट लिफ्टकडे गेलो.

जुनी चावी होतीच. स्विच उघडला. आत नवी कोरी पट्टी, तीन घड्यांची, हाताला कापू नये म्हणून दोन्ही टोकं आत वळवलेली. अशी घडी दुसरं कुणी घालत नाही, बाळा. तू माझ्याच कामाला लागलास त्या वर्षी मीच ती तुला शिकवली, वर शाबासकी दिली. तिनेच शिंप्याचा पाय अधू झाला हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू ती घातली नसतीस. म्हणून तुझ्यावर रागावताही येत नाही.

उद्या दहा वाजता मी तपासणी कचेरीत जाऊन माझं सांगणार आहे. पेन्शन जाईल, कदाचित मीही आत जाईन. तुझी पट्टी माझ्या खिशात आहे. बरोबर आलास तर तुझ्या हाताने दे, नाही आलास तर मला द्यावी लागेल. पण ते उद्याचं. आज आधी आठव, आणखी किती लिफ्टमध्ये घातल्या आहेस, आणि त्या सगळ्या बंद कर. माणसं कामावरून घरी यायच्या आत.

तुला ती घडी शिकवणारा, तुझाच,
बाबा