रहाटणीची खारट बोअर

३ मार्च १९७७
रहाटणीला गेले. बोअरचं पाणी चाखलं, चहात चुकून मीठ पडावं तसं. आमच्या भूजल खात्याचे साहेब म्हणतात, "खडकातच खार असणार. महिनाअखेर बोअर बुजवा." बुजवा म्हणे! अख्खं गाव तिच्यावर पाणी भरतं. माझा संशय ओढ्यावर. वरची कंपनी मिठाचं पाणी त्यात सोडते. खार किती खोलीवर आत शिरतो ते कळलं, तर तेवढंच बंद करता येईल. उद्या यंत्र सोडून बघते.

४ मार्च
केबलला यंत्र बांधून खाली सोडलं. विजेला पाण्यात किती अडथळा होतो ते काटा दाखवतो. खारट पाण्यातून वीज सहज जाते, तिथं तो पडायला हवा. वरपासून तळापर्यंत काटा ढिम्म. डोकं उठलं. तेवढ्यात पंपाचे मिस्त्री रशीदभाई कौतुकानं, "ताई, तुम्ही येणार म्हणून पहाटेपासून पंप चालू ठेवला. ताजं पाणी मिळावं म्हणून."
घ्या. पाहुणचारात सगळं ढवळून ठेवलं. ओरडणारच होते, पण त्यांच्या हातात माझ्यासाठी चहा होता. आता पाणी स्थिरावायला हवं, म्हणजे दोन दिवस पंप बंद. गावाला सांगायला जीभ रेटेना.

५ मार्च
सांगितलं. बोअरशेजारच्या सरूबाई, जिभेच्या तिखट: "दोन दिस थेरगावास्नं डोक्यावर आणायचं व्हय?" मग त्याच बाकीच्या बायांना, "आणू गं. बुजली तर रोजच आणाया लागंल." जीव भांड्यात पडला.

७ मार्च
सापडलं!! खडकात वरच्या अंगाला एक भेग आहे, तिथं काटा धाडकन पडला, तिच्याखाली परत चढला. खालचा झरा गोड्या पाण्याचा आहे, पाणी जोरात वर ढकलतोय. खडकाचा काही दोष नाही. इतका आनंद किती वर्षांत...
साहेबांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. "बरं, भेग बंद करून बघा. नाही जमलं तर बुजवायचीच." आणि ओढ्याचं? "ते नंतर." नंतर म्हणजे कधी, ते विचारणारच आहे. सोडणार नाही.

१९ मार्च
भेगेच्या खालपर्यंत लोखंडी पाइप, भोवती सिमेंट. वाळलं. आज पंप सुरू. पाणी अजून मचूळ, पण आधीपेक्षा कमी. यंत्रही तेच सांगतंय. प्यायचं नाही, सगळ्यांना बजावलं. सरूबाई म्हणाल्या, "न्हाई पीत. आमी थांबतो की."
सिमेंट टिकेल का, माहीत नाही. निघताना पाहिलं तर पंपापासून रस्त्यापर्यंत रिकाम्या हंड्यांची रांग, नंबर लावून ठेवलेली. उचला असं माझ्यानं म्हणवलं नाही.